ब्युनोस आयर्समधले सात महिने: टँगो, एम्पनाडा आणि 'ग्रासियास'

मार्च ते सप्टेंबर असे सात महिने मी अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या आल्माग्रो भागात एका आजींच्या घरी खोली घेऊन राहिले. बिनपगारी रजा काढून गेले ती टँगो शिकायला. खाण्याचा विचार निघताना फारसा केला नव्हता. परत आल्यापासून जो तो विचारतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिले तीन आठवडे वाया गेले. पर्यटकांसाठीचा महागडा 'जेवण आणि टँगो' कार्यक्रम पाहिला. त्यात हवेत पाय उडवणारी जोडपी होती, पण मी शिकायला आले होते तो नाच तिथे नव्हता. खरा टँगो मिलोंगात, म्हणजे लोक स्वतःसाठी नाचायला जमतात तिथे. छातीला छाती लागेल इतकी जवळची मिठी आणि संगीतावर चालणं, एवढ्यावर तो उभा असतो. मी मात्र रोज नवी मिलोंगा गाठत होते, आणि कुठेच कुणी ओळखत नसल्याने बहुतेक रात्री बसून काढल्या. मग ठरवलं की दर आठवड्याला त्याच दोन ठिकाणी जायचं, त्याच बाजूला बसायचं. महिन्याभरात चित्र पालटलं. जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच आहे.

माझं एक ठिकाण म्हणजे बार्रांकास दे बेल्ग्रानो बागेतला ला ग्लोरिएता हा मंडप. उघड्यावर नाच, खाली कडक फरशी. दुसरा घराजवळचा लाकडी जमिनीचा हॉल. मिलोंगात गाणी तीन-चारच्या गटाने लागतात, त्याला तांदा म्हणतात. एक तांदा सहसा एकाच वाद्यवृंदाचा. दोन तांद्यांच्या मध्ये वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा वाजतो, ती कोर्तिना. तेवढ्यात जमीन रिकामी होते. आमंत्रण नजरेनं. खोलीच्या पलीकडून कुणी पाहतं, तुम्ही नजर धरून ठेवता, मान किंचित हलते आणि ठरतं. नको असेल तर नजर वळवायची. कुणाचा अपमान होत नाही. बाई म्हणून मला ही रीत फार आवडली.

वाद्यवृंद त्यांच्या प्रमुखांच्या नावानं ओळखले जातात. कार्लोस दि सार्लीचा तांदा लागला की चालायला शिकावं, हुआन दारिएंसो लागला की ठेका धरावा. पुग्लिएसेसाठी मात्र ओळखीचा जोडीदार हवा, कारण त्यात थांबणंच जास्त आहे.

बुटांबद्दल वेगळं सांगते. दोन जोड घेतले: एक गुळगुळीत चामडी तळाचा, एक स्वेड म्हणजे लवदार चामड्याच्या तळाचा. गुळगुळीत लाकडावर स्वेड बरा, तो धरून ठेवतो. फरशीवर चामडी तळ सहज फिरतो. रबरी तळाच्या बुटांत गिरक्या घेऊ नका, पाऊल अडकतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. स्वेडला दर आठवड्याला तारेच्या ब्रशनं घासावं लागतं, नाहीतर तो दडपून चकचकीत होतो. एका जोडाची टाच चौथ्या महिन्यात सैल झाली. कोपऱ्यावरच्या चांभारानं नीट बसवून दिली. सात महिन्यांनीही दोन्ही जोड वापरात आहेत.

आता खाणं. मी बीफ खात नाही, आणि तिथे 'कार्ने' म्हणजे बीफच. 'कार्ने नको' म्हटलं की ताटात हॅम येऊ शकतं, म्हणून काय नको ते नाव घेऊन सांगा. मेदियालुना, म्हणजे अर्धचंद्राच्या आकाराचे क्रोसाँसारखे पाव, 'दे मान्तेका' मागा, त्या लोण्याच्या. 'दे ग्रासा' म्हणजे चरबीच्या. एम्पनाडा म्हणजे करंजीसारखा सारण भरलेला पदार्थ; त्याच्या पारीतही बहुधा गाईची चरबी असते. हे मला दोन आठवड्यांनी कळलं तेव्हा वाईट वाटलं, म्हणून आधीच लिहिते.

आजींनी माझ्यासाठी लोणी घालून पीठ मळलं. आत हुमिता, म्हणजे मक्याचं सारण. एम्पनाडाच्या कडेला जी नक्षी घालतात तिला रेपुल्गे म्हणतात, आणि आत कोणतं सारण आहे हे तिच्यावरून ओळखतात. मी हातात घेतलं आणि बोटांनी आपोआप करंजीची मुरड घातली. आजी बघत राहिल्या. त्यानंतर प्रत्येक रविवारी मुरड घालायचं काम माझ्याकडे आलं.

रात्री दहाला जेवणाऱ्या शहरात मिलोंगा संपवून बाहेर पडलं तरी उपाशी राहावं लागत नाही. कोर्रिएंतेस रस्त्यावरचं गुएर्रीन हे पिझ्झाचं दुकान १९३२ पासून आहे. काउंटरपाशी उभं राहून फुगासेता, म्हणजे कांदा आणि भरपूर चीजचा पिझ्झा, आणि तिच्यावर फाइनाचा तुकडा ठेवून खायचा. फाइना म्हणजे बेसन, पाणी, तेल, मीठ. जेनोवाहून आलेल्या इटालियनांनी आणलेली. भट्टीत भाजलेलं जाड धिरडंच ते, कडा खरपूस, आत मऊ. वर मिरपूड. नाचून थकलेल्या पायांनी रात्री एक वाजता बेसनाचा तो पहिला घास खाल्ला तेव्हा घरची आठवण आली आणि डोळे भरले. तिखटाची मात्र उणीव भासते; कांदा-लसूण मसाला बरोबर न्या.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, या शब्दानं. आजी संध्याकाळी माते, म्हणजे येर्बाच्या पानांचं चहासारखं पेय, करायच्या. एकच भोपळ्याचा प्याला, एकच नळी, भरून प्रत्येकाला आळीपाळीनं. पहिला भोपळा परत देताना मी 'ग्रासियास' म्हटलं, आणि पुढच्या फेऱ्यांत मला वगळलं गेलं. आभार मानले म्हणजे पुरे, असा तिथला अर्थ. त्याच आठवड्यात मिलोंगात पहिलं गाणं संपल्यावर एका वयस्कर गृहस्थांना मी मनापासून 'ग्रासियास' म्हटलं. त्यांनी शांतपणे मला खुर्चीपर्यंत पोचवलं. तांदा चालू असताना तो शब्द म्हणजे नाच संपला. आपल्याकडेही घरातल्या माणसाला कुणी धन्यवाद म्हणत नाही, हे मला तेव्हा आठवलं. गाण्यांच्या मधल्या त्या वेळात हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलायच्या, आणि पुढचं गाणं सुरू झालं की पुन्हा मिठीत जायचं.

तीन महिन्यांनी त्याच गृहस्थांनी पलीकडून पुन्हा नजर दिली. दि सार्लीचा तांदा होता. चारही गाणी नाचलो, आणि 'ग्रासियास' मी चौथं संपल्यावर म्हटलं.