लाल-पिवळी-हिरवी आहारवही : सहा महिन्यांच्या वापरानंतर

सिग्नलच्या रंगांप्रमाणे पदार्थांची विभागणी करायची ही पद्धत जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड एपस्टाइन यांनी ती १९७०च्या दशकात वजन जास्त असलेल्या मुलांसाठी बसवली. हिरवं पोटभर, पिवळं मोजून, लाल क्वचित. सहा-सात वर्षांच्या मुलालाही कळतं, हा तिचा मोठा गुण. पण वही एकट्या मुलाची ठेवली की ती शिक्षेची वही होते. आईवडिलांनीही आपापली भरली, तरच ती टिकते.

पहिला आठवडा काही बदलायचं नाही, नुसतं लिहायचं: खाल्ल्याबरोबर, मापासकट. रात्री आठवून लिहिलं की अधलंमधलं खाणं गळतं, आणि लाल खुणा बहुतेक तिथल्याच असतात. आठवड्याला २५ लाल निघाल्या, तर पुढचं लक्ष्य २२ ठेवावं. एकदम ५ ठरवलं की चौथ्या दिवशी खोटं लिहिणं सुरू होतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते पेयांत. ३३० मिली गोड शीतपेयात साधारण ३५ ग्रॅम साखर, म्हणजे १४० कॅलरी, आणि पोट भरल्यासारखं वाटतच नाही. फळांच्या रसाला लोक हिमतीने हिरवा रंग देतात! वरून साखर घातली नाही तरी रसातली साखर शीतपेयाच्या आसपास जाते आणि चोथा तर गेलेलाच असतो. अख्खं फळ हिरवं, रस लाल, असं सरळ ठरवून टाकावं.

तेलासाठी वहीत रकानाच नाही, ही खरी उणीव. लहान चमचाभर (५ मिली) तेलाच्या ४० कॅलरी होतात. भाजीच्या एका वाढपात असे तीन चमचे उतरले, तर तिला हिरवी कसली म्हणायची? रकाना हाताने आखून घ्यावा.

पिवळ्यात धान्य, डाळी, दूध, अंडी येतात. इथे रंग बरोबर असतो, माप सुटतं. ताटं स्वयंपाकघरातच वाढून आणावीत, भांडं समोर ठेवू नये. दुसऱ्यांदा हवं असेल तर पंधरा मिनिटं थांबून, आधी हिरवं.

लाल म्हणजे बंदी नव्हे. बंदी घातली की मूल लपून खातं. बक्षीस म्हणून दिलं की त्याच पदार्थाचा भाव वाढतो.

रोज वजनकाट्यावर उभं करू नये. महिन्यातून एकदा उंची आणि वजन, दोन्ही. १३२ सेमी उंची, ३४ किलो वजन म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) १९.५; सहा महिन्यांत उंची ३ सेमी वाढून वजन तेवढंच राहिलं, तर १८.७. काटा हललेला नसतो, म्हणून घरचे निराश होतात आणि नेमकी तेव्हाच वही सोडतात.

पाचपैकी साडेतीन तारे. मधुमेह असलेल्या किंवा जेवण टाळू लागलेल्या मुलासाठी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही वही उघडू नये.