जलजीवनचा गाव आराखडा: नियम चोख, गावफेरी कच्ची

खेड्यात घरोघरी नळाने पाणी देणारं केंद्राचं जलजीवन मिशन २०१९ पासून चालू आहे; कर्नाटकात त्याला 'मने मनेगे गंगे' म्हणतात. त्यातली खरी कामाची गोष्ट म्हणजे नळाच्या आधी गावाने बसून करायचा आराखडा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या खेड्यांसाठी या पद्धतीला पाचपैकी तीन गुण.

नियमांत खोट काढायला जागा कमी. पाणी समिती १० ते १५ जणांची, त्यात निम्म्या बायका. पाणी माणशी रोज ५५ लिटर. गावांतर्गत कामाचा १० टक्के वाटा गावाने उचलायचा. डोंगराळ, जंगली भागात तो ५ टक्केच, आणि श्रमदानानेही चालतो. जांबोटी-कणकुंबीकडच्यांनी ही सवलत आवर्जून विचारून घ्यावी.

घोडं पेंड खातं ते गावफेरीत, म्हणजे आराखड्यासाठी गाव चालून बघण्यात. इंजिनिअर, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि दोन सदस्य देवळापासून शाळेपर्यंत चालले की फेरी संपली! वरच्या गल्लीचा चढ नकाशात दिसत नाही. एकमजली घराच्या नळाशीसुद्धा निदान ७ मीटर दाब हवा. म्हणजे टाकीतलं पाणी तळाला आलं तरी ते सगळ्यात उंच नळाच्या ७ मीटर वर पाहिजे, शिवाय पाइपातल्या घर्षणाची घट वेगळी. दाब कमी पडला की लोक नळालाच मोटर जोडतात. मग शेजारच्यांचं पाणी तर जातंच, पण गळक्या सांध्यातून गटारही आत ओढलं जातं. म्हणून फेरी वरच्या घरापासून सुरू करावी, सोबत गावाला पाणी सोडणारा वॉटरमन हवाच.

५५ लिटर माणसांचे. दुभती म्हैस उन्हाळ्यात तेवढं एकटीच पिते. गुरं मोजून त्यांच्या हौदाचं पाणी वेगळं धरलं नाही, तर हिशेब पहिल्याच मार्चमध्ये कोसळतो. बोअरची चाचणीही एप्रिल-मेमध्येच व्हावी, तसं ठरावात लिहून घ्यावं. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यानंतर कुठलाही बोअर भरलेलाच दिसणार.

जांभ्यात चर खणणं जिकिरीचं, म्हणून पाइप वीतभर खाली टाकून वर माती ओढली जाते. उसाचा ट्रॅक्टर गेला की तो फुटतो. काळ्या रानात माती फुगते, आकसते, सांधे ढिले होतात. तिथे पाइपाखाली वाळू हवी. चर बुजवण्याआधी समितीतल्या बायकांनीच टेप लावून बघावं: मीटरभर खोली आहे का?

एक गुण भाषेपायी कापला. बैठक मराठीत, इस्टिमेट कन्नडमध्ये, आणि अंगठा मात्र सगळ्यांचा. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राचं जुनं धोरण आहे. ग्रामसभेआधी मराठी गोषवारा मागायला लाजू नये.

शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतंय का, हे तपासणी संचाने पाहूनच योजना ताब्यात घ्यावी. सही झाली की विजेचं बिल आणि दुरुस्ती पंचायतीच्या गळ्यात.