भुसावळच्या ओट्यावर गोब्लिन

सुट्टीत भाचरांसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (एकेक पात्र होऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ) २०१४ चा स्टार्टर सेट काढला. ३२ पानी नियम वाचून दाखवायला बसलो, तर दुसऱ्याच पानाला धाकटा केळीच्या वेफर्सकडे वळला. मग निम्मे नियम गुंडाळलेच. २० बाजूंचा फासा टाकायचा, पात्राच्या कागदावरचा आकडा मिळवायचा, १२ झाले की जमलं. मंत्र माणशी दोनच. पाच पात्रं तयार मिळतात हे फार बरं. नाहीतर पात्र बनवण्यातच अख्खी दुपार जाते. खेळात गोब्लिनांनी, म्हणजे बुटक्या राक्षसांनी, वाट अडवली तेव्हा वांगी भाजता भाजता आई म्हणाली, "माले बी फासा दे." तिला थेट २०! (भरीत जरा जास्तच करपलं.) डब्यात २० बाजूंचा फासा एकच असतो, चौघं असाल तर आणखी एक घ्याच.