रॅबिटएमक्यू की थेट वेब सर्व्हिस: वाडीच्या गोदामात दोन्ही चालवल्यानंतर

आमची छोटी टीम नागपूरच्या एका गोदाम कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळते. गोदामं वाडीला आणि बुटीबोरीला, बिलिंग सीताबर्डीच्या ऑफिसात. गेटवरचा प्रोग्राम काट्यावरचं वजन घेऊन गेटपास बनवतो. पूर्वी तो लगेच बिलिंगच्या वेब सर्व्हिसला कॉल करायचा, म्हणजे नेटवरून विचारून उत्तराची वाट बघायचा, बिलिंग स्टॉकला विचारायचं आणि स्टॉक ग्राहकाला एसएमएस पाठवणाऱ्या सर्व्हिसला. या साखळीत कोणीही एक अडलं की गेटवरच्या स्क्रीनवर चाक फिरत राहायचं. मे महिन्यातल्या दुपारी, एसएमएस गेला नाही म्हणून ड्रायव्हरनं उन्हात का उभं राहावं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. उन्हाळ्यानंतर गेटपासचा भाग रॅबिटएमक्यूवर, म्हणजे प्रोग्रामांमधले मेसेज रांगेत (क्यूत) सांभाळून ठेवणाऱ्या मध्यस्थ सॉफ्टवेअरवर (ब्रोकरवर) नेला. गेटपास झाला की मेसेज क्यूत पडतो आणि गाडी निघते. बिलिंग आपल्या सवडीनं तो उचलतं.

फायदा खरा आहे. बिलिंगचा सर्व्हर अपडेटसाठी बंद ठेवला तरी गेटवर आता कोणाला पत्ता लागत नाही. महिनाअखेरीला गाड्यांची झुंबड उडते, तेव्हा क्यू फुगतो आणि रात्री रिकामा होतो. हे आधीच करायला हवं होतं असं गेटवाले म्हणतात, मी म्हणत नाही. कारण पुढे आहे.

क्यू लावला म्हणजे नेटवर्कची चिंता मिटली, असं सगळीकडे सांगतात. अहो, पण ब्रोकरपर्यंत पोचायलाही नेटवर्कच लागतं ना! ब्रोकर सीताबर्डीत आणि इंटरनेट गेलं वाडीचं, तर ट्रक पुन्हा तिथेच उभा. म्हणून प्रत्येक गोदामात यूपीएसवरच्या एका जुन्या पीसीवर छोटा ब्रोकर ठेवला. तिथून शॉव्हेल नावाचा प्लगइन मेसेज ऑफिसच्या ब्रोकरकडे ढकलतो. डीफॉल्ट सेटिंगमध्ये पलीकडून पोच आल्याशिवाय तो इकडचा मेसेज पुसत नाही. छान आहे, पण पोच येतानाच लाइन तुटली तर तोच गेटपास दुसऱ्यांदा जातो. त्यामुळे बिलिंगच्या टेबलात गेटपास क्रमांक युनिक केला. खरं तर वेब सर्व्हिसलाही हे हवंच असतं: पोस्टची (नोंद पाठवणारी) रिक्वेस्ट वेळेत उत्तर न येता टाइमआउट झाली तर पलीकडे नोंद झाली की नाही हे कळत नाही, पुन्हा पाठवलं तर दोन बिलं. क्यूनं हे काम वाढवलं नाही, फक्त टाळू दिलं नाही.

वाडीला लाइट जाते, म्हणून आणखी एक. क्यू ड्युरेबल (ब्रोकर पुन्हा सुरू झाल्यावरही टिकणारा) केला एवढ्यानं भागत नाही. आमच्यासारखा साधा क्लासिक (एकाच मशीनवरचा) क्यू असेल तर मेसेजही पर्सिस्टंट (डिस्कवर लिहिला जाणारा) म्हणून पाठवावा लागतो, आणि पब्लिशर कन्फर्म, म्हणजे मेसेज मिळाल्याची ब्रोकरची पोच, आल्यावरच गेटपास छापायचा.

ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) मात्र वेब सर्व्हिसवरच ठेवलं. ५०,००० रुपयांवरचा माल राज्याबाहेर निघायचा तर नंबर आधी हातात हवा, तो मागाहून येऊन उपयोग नाही. ग्राहकाची उधारीची मर्यादा तपासणं आणि दर विचारणंही तसंच. टीममधल्या एकानं हेही क्यूवर न्यायचा आग्रह धरला होता, उत्तराचा क्यू वेगळा ठेवून. तांत्रिकदृष्ट्या जमतं. पण समोर माणूस उत्तरासाठी थांबलेलाच असेल तर मधे ब्रोकर घालून काय मिळालं? एचटीटीपीत, म्हणजे वेब सर्व्हिसच्या कॉलमध्ये, निदान पाचशेचा (सर्व्हर बिघडल्याचा) एरर लगेच तोंडावर येतो.

क्यूत तो येत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. बिघाड व्हायचा तो होतोच, फक्त आवाज न करता. गेटवर सगळं हिरवं दिसतं आणि दोन दिवसांनी हिशेबाच्या काकूंचा फोन येतो, "गाडी तर गेली, बिल कुठं अडकून राहिलं?" चुकीच्या नोंदीचा मेसेज कन्झ्युमर (क्यूतून मेसेज उचलणारा प्रोग्राम) परत क्यूत टाकतो, परत उचलतो, परत टाकतो. ऑफिसच्या ब्रोकरवर ४.० आवृत्ती आणि क्वोरम क्यू (मेसेजच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवू शकणारे) आहेत. तिथे अशा फेऱ्यांवर डीफॉल्ट २० ची मर्यादा असते. त्यानंतर डेड लेटर (नापास मेसेजसाठी वेगळी जागा) लावलेलं असेल तर मेसेज तिकडे जातो, नसेल तर सरळ टाकून दिला जातो. म्हणजे एक बिल गायब! आमच्याकडे डेड लेटर क्यू आहे आणि तो रोज सकाळी कोणीतरी उघडून बघायचा, असं नावानिशी ठरवलं आहे. काकूंच्या स्क्रीनवर "बिल बाकी" अशी एक यादीही दिली. पूर्ण रॅबिटएमक्यूपेक्षा त्या यादीनं जास्त भांडणं मिटवली.

दुसरा चिमटा अर्ध्या तासाचा. कन्झ्युमरनं ३० मिनिटांत पोच दिली नाही तर ब्रोकर त्याचा चॅनेल (जोडणी) बंद करून मेसेज परत क्यूत घालतो. महिन्याचं एकत्रित बिल बनायला त्याहून जास्त वेळ लागतो. वेळ वाढवता येते, पण आम्ही कामाचे ग्राहकागणिक तुकडे केले. ते बरं पडलं. क्रमाचंही असंच: दोन कन्झ्युमर लावले की "गाडी बाहेर" ही नोंद "गाडी आत"च्या आधी पोचू शकते. तिथे सिंगल ॲक्टिव्ह कन्झ्युमर (एका वेळी एकच कन्झ्युमर काम करतो) चालू केला, वेग थोडा गेला.

काफ्का (प्रचंड प्रमाणातल्या मेसेजसाठीचं असंच सॉफ्टवेअर) का नाही, असं विचारतात. दोन-चार गेटच्या गाड्यांसाठी? कशाला बाप्पा.

खर्च म्हणाल तर सॉफ्टवेअर फुकट, माणूस महाग. नवीन मुलगा पोस्टमन (वेब सर्व्हिस तपासायचं सॉफ्टवेअर) उघडून एपीआय पहिल्याच दिवशी तपासतो. क्यूमधला एक मेसेज कुठून कुठे गेला हे शोधायला त्याला तीन ठिकाणचे लॉग आणि प्रत्येक मेसेजवर कोरिलेशन आयडी (माग काढायचा ओळख क्रमांक) लागतो. रॅबिटएमक्यूचं १५६७२ पोर्टवरचं मॅनेजमेंट पान चांगलं आहे, पण ते आकडे दाखवतं, कारण दाखवत नाही.

आता भंडारा रोडला कापसीचं गोदाम जोडायचं आहे. तिथे प्रोग्राम दोनच आणि ब्रोकरकडे बघणारं कोणी नाही. गेटपास आधी तिथल्याच डेटाबेसच्या टेबलात लिहायचा आणि मागून एक छोटा प्रोग्राम पोच मिळेपर्यंत तो वेब सर्व्हिसला पाठवत राहील, असं ठरवलं आहे. ब्रोकर तिथे बसवत नाही.