लूटरोधक जाळी: कल्पना पक्की, खालची कड कच्ची

नागपुरात मधपेट्यांचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळणारी, पोळ्यांच्या 10 चौकटी मावणाऱ्या पेटीच्या दारापुढे लावायची जाळी. लाकडी चौकट, 2.5 मिमी भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी आणि वरच्या कोपऱ्यात सरकत्या झडपेचं छोटं दार.

लुटारू माशी म्हणजे दुसऱ्या वसाहतीतून मध चोरायला आलेली मधमाशी. ती मधाच्या वासावर येते. वास जुन्या दारातून निघतो, म्हणून ती तिथेच जाळीवर धडका देत बसते. घरच्या माश्या एक-दोन दिवसांत वरची वाट शिकतात. भोकांतून मेलिफेरा (पाळीव युरोपियन मधमाशी) तर सोडाच, तिच्याहून लहान सातेरीही (देशी मधमाशी) जात नाही. इथवर पैकीच्या पैकी.

गोची खालच्या कडेला आहे. माश्या उतरतात ती फळी तिरकी आणि चौकट सरळ, त्यामुळे 5-6 मिमीची फट राहते. लुटारूंना तेवढी पुरते. तिथे सुतळी ठासा किंवा फोमची पट्टी लावा. झाकणाखालच्या भेगाही बुजवा. उन्हाळ्याच्या 45 अंशांत लाकूड वाकतं आणि मग पुढची जाळी नुसती शोभेची उरते. झडप पावसात फुगून अडकते, त्यावर कडा घासून मेण चोळणं एवढा उपाय पुरतो. वरचं दार 2 सेंमी रुंद, 8 मिमी उंच ठेवा. फार चिंचोळं केलं तर नर अडकतात आणि वाट तुंबते.

बसवायची वेळ दिवेलागणीची, सगळ्या माश्या परतल्यावर. भर दुपारी बसवली तर घरच्याच माश्या बाहेर अडकतात. लूट सुरूच झाली असेल तर पेटीवर ओलं फडकं टाका, जाळी संध्याकाळी लावा. त्याआधी लूटच आहे ना, ते बघा. कोवळ्या माश्या दुपारी पेटीकडे तोंड करून घिरट्या घालतात, पण भांडत नाहीत आणि थोड्या वेळात आत जातात. लुटीत दारावर झटापट दिसते, फळीवर मेणाचा चुरा पडतो आणि केस झडलेल्या काळ्या, तुकतुकीत माश्या भेगा हुंगत फिरतात.

मृग बहार (संत्र्याचा पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) उरकून झड लागली की 4-5 चौकटींच्या लहान वसाहतींना ही जाळी घ्यावीच, विशेषतः मेलिफेराच्या शेजारी सातेरी असेल तर. लुटलेली सातेरी पेटी सोडून जाते. भरलेल्या पेटीला मात्र हा खर्च नको. साखरेचा पाक संध्याकाळी, आतच द्या. बाहेर सांडला की जाळीचाही इलाज चालत नाही. तळाशी मेलेल्या माश्या साचतात, म्हणून स्क्रूऐवजी कडीवाला नग मागा, आठवड्याला झाडता येतो.