मदरबोर्ड ‘बदलला’, पण नंबर तोच

एप्रिलची ९ तारीख. ११ला तीन दुकानांचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायचा होता आणि माझा घरचा पीसी दर वीस मिनिटांनी मान टाकत होता. निळा स्क्रीन नाही की कसला मेसेज नाही. आधी पंखा घोंगावायचा, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर रेंगाळायला लागायचं आणि मग फट्ट, सगळं काळं. लगेच बटण दाबलं तर दोन मिनिटांत पुन्हा बंद. दहा मिनिटं तसाच ठेवला की मात्र शहाण्यासारखा चालू व्हायचा. सोलापुरातला एप्रिल, त्यात कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटून. आता लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा डोक्यात फक्त ११ तारीख होती.

शेजाऱ्यांनी पीसी दुरुस्त करणाऱ्या एकाचा नंबर दिला. माणूस तासाभरात हजर, बोलायला गोड. पीसी कधी बंद पडतो, कसा पडतो, एक अक्षर विचारलं नाही. विंडोजमधल्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला आणि लाल खुणेवर बोट ठेवलं.

“हे बघा मॅडम, क्रिटिकल. कर्नल-पॉवर ४१. मदरबोर्डाचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचा, पॉवर सेक्शन उडालाय.”

लाल खूण बघून मी गारच झाले. त्याने कॅबिनेट उचललं, स्कूटरवर पायांत ठेवलं आणि गेला. ना चिठ्ठी, ना पावती. आत काय काय आहे ते लिहून घ्यायचं मला सुचलं नाही. धुण्याचे कपडे देताना मोजून देणारी मी!

दुसऱ्या संध्याकाळी पीसी परत आला. बोर्डाचे ५,२०० आणि मजुरी १,६००, असे ६,८०० रुपये मी यूपीआयने दिले. जुना बोर्ड मागितला तर म्हणाला, “तो एक्स्चेंजमध्ये गेला.” बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला, ते अजून यायचंय. रिटर्न वेळेत गेले, म्हणून मी खूश होते. चौथ्या दिवशी पुन्हा फट्ट.

फोन केला तर आता म्हणे एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलावा लागेल, २,२०० रुपये. तेवढ्यात पॉलिटेक्निकला असलेला भाचा सुट्टीला आला होता. त्याने पहिलाच प्रश्न केला, “मावशी, निळा स्क्रीन येतो का?” नाही म्हटल्यावर त्याने निळ्या स्क्रीनच्या नोंदी जिथे साठतात ते विंडोजमधलं मिनीडंप फोल्डर उघडून पाहिलं. रिकामं. मग तो ४१ नंबर त्याने मला समजावला. पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला, एवढीच ती नोंद. लाइट गेली तरी तीच येते, बटण दाबून धरलं तरी तीच. कशामुळे बंद पडला ते तिच्यावरून कळत नाही. म्हणजे घरात चोरी झाली हे सांगणारं उघडं दार दाखवून त्या माणसाने मला चोराचं नाव सांगितलं होतं.

भाच्याने तापमान दाखवणारा एचडब्ल्यूमॉनिटर हा प्रोग्रॅम लावला. टॅली आणि ब्राउझर उघडल्यावर प्रोसेसरचं तापमान ७०, ८५, ९६ असं चढत गेलं आणि शंभराच्या आसपास अंधार. जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच बंद होतो. झाकण काढलं. वरवर ब्लोअर मारलेला दिसत होता, पण पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत लोकरीसारखी धूळ तशीच अडकलेली. पंखा बोर्डावर चार प्लॅस्टिकच्या पिनांनी बसतो. त्यातली एक सुटून वर आलेली, म्हणून तो एका बाजूने उचललेला. बोर्ड बदलायचा तर हा पंखा काढावाच लागतो. मग आतली धूळ जागची हलली कशी नाही?

२०२१ मध्ये पीसी जोडून घेतला तेव्हाचा बोर्डाचा पुठ्ठ्याचा डबा मी माळ्यावर जपून ठेवला होता. (घरातले माझ्या या सवयीला हसतात.) डब्यावरचा सीरियल नंबर आणि आतल्या बोर्डावरच्या स्टिकरचा नंबर आम्ही टॉर्च धरून एकेक आकडा जुळवला. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

मग विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ८ जीबी, वापरात स्लॉट दोनपैकी एक. पीसी घेतला तेव्हाच्या माझ्या बिलावर ८-८ जीबीच्या दोन रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, आहेत.

त्याला फोन केला. “तुमच्यात एकच होती मॅडम.” बिलाचा फोटो पाठवला, निळ्या टिका आल्या आणि मग नंबर ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपचं संभाषण आहे, पण पीसी त्याच्याकडे गेला तेव्हा आत रॅम दोन होत्या हे दाखवायला हातात काही नाही. कॅबिनेट उचलायच्या आधी झाकण उघडून एक फोटो काढला असता तर भागलं असतं.

भाच्याने धूळ ब्रशने काढली, प्रोसेसरची उष्णता पात्यांपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट नव्या ट्यूबमधून लावली, पिना चारही टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. खर्च १८० रुपये. कॅबिनेट आता टेबलावर आहे. भर दुपारी टॅली चालू असताना तापमान ६५च्या वर जात नाही. दुसरा स्लॉट रिकामाच आहे.