इंदूर की बडोदं? मुलाबाळांसह बिऱ्हाड हलवण्याआधी

महाराष्ट्राबाहेर बदली होतेय आणि गाव निवडायला थोडी मोकळीक आहे म्हटलं, की मराठी घरात इंदूर आणि बडोदं ही दोन नावं हमखास निघतात. एकीकडे होळकर, दुसरीकडे गायकवाड. दोन्हीकडे मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि घरभाडं मुंबई-पुण्याच्या मानाने बरंच सुसह्य आहे. आम्ही दोन्हीकडे बिऱ्हाड केलं. आधी इंदूरला, कामापुरतं; मग कायमचं कुठे राहायचं हे ठरवायची वेळ आली तेव्हा बडोद्याला. माझं पारडं कुठे झुकलेलं आहे ते यावरून कळलंच असेल. तरी इंदूरला नावं ठेवणं मला जमणार नाही, कारण बऱ्याच बाबतींत ते सरस आहे.

हवेचंच बघा. इंदूर साधारण 550 मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर. मे महिन्यात दुपार तापते, पण उत्तररात्री गच्चीवर चादर ओढून घ्यावीशी वाटते. बडोद्यात ती चैन नाही. इथे एप्रिलपासून जूनपर्यंत ऊनही आहे आणि घामही, आणि लहान मुलं संध्याकाळी सहाच्या आत खाली खेळायला जात नाहीत. स्वच्छतेत इंदूर 2017 पासून सलग अनेक वर्षं देशात पहिलं आलं, ते उगीच नाही. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय आमच्या मुलीला इंदूरने लावली. बडोद्यात आल्यावरही तिने ती सोडली नाही, आणि आम्हालाही सोडू दिली नाही.

मराठी नाटकांच्या बाबतीतही इंदूर मला पुढे वाटलं. सानंद न्यासाचं सभासदत्व घेतलं की पुण्या-मुंबईची नाटकं घरबसल्या मिळाल्यासारखी मिळतात. बडोद्यात मराठी वाङ्मय परिषद आहे, दांडिया बाजारच्या भागात गणपतीत मराठी वातावरण असतं. पण वर्षभर नाटकं बघणाऱ्यांची भूक इथे तितकी भागत नाही, निदान माझा अनुभव तसा आहे. शनिवार-रविवारच्या भटकंतीतही इंदूरच पुढे. पाताळपाणी, मांडू, महेश्वर ही सगळी ठिकाणं सकाळी निघून रात्री परत येण्यासारखी. पावसाळ्यात मांडू पाहिलेलं माणूस माझ्याशी वाद घालणार नाही. बडोद्याजवळ पावागड-चांपानेर सुरेख आहे, पण दरमहा कुठे जायचं हा प्रश्न पडतो.

शाळांबद्दल लोक फार विचारतात. चांगल्या शाळा दोन्हीकडे आहेत. इंदूरच्या बऱ्याच मोठ्या शाळा मात्र शहराबाहेर, बायपासच्या आसपास आहेत. म्हणजे मूल भल्या पहाटे बसमध्ये बसतं आणि दुपारी कोमेजून परत येतं. बडोद्यात आम्हाला घराजवळची शाळा मिळाली, हा नशिबाचाही भाग असेल. भाषेचं म्हणाल तर इंदूरला हिंदीवर सगळं भागतं. गुजरातने 2023 साली कायदा करून पहिली ते आठवी सगळ्याच बोर्डांच्या शाळांत गुजराती सक्तीची केली. बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलांसाठी पालकांनी लेखी विनंती केली तर सूट मिळण्याची तरतूद त्यात आहे. पण मूल लहान असेल तर ती सूट मागूच नका, असं मी सुचवेन. लिपी ओळखीची, डोक्यावरची रेघ तेवढी नाही. मुलगी वर्षभरात दुकानांच्या पाट्या आम्हाला वाचून दाखवायला लागली, आणि खाली खेळणाऱ्या मुलांत मिसळली ती त्याच भाषेमुळे.

मुलं मोठी असतील तर मात्र गावापेक्षा वेळ महत्त्वाची. मेडिकलच्या राज्य कोट्याला साधारणपणे दहावी-बारावी त्याच राज्यातून झालेली लागते. अकरावीत मूल हलवलंत तर इथलाही कोटा हातात नाही आणि तिथलाही नाही, अशी गत होऊ शकते. नियम बदलत असतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. गाडीचं काम दोन्ही राज्यांत सारखंच: एनओसी आणायची, बारा महिन्यांत नवा नंबर घ्यायचा, रोड टॅक्स पुन्हा भरायचा, जुन्याचा परतावा मागत बसायचा.

इतकं सगळं इंदूरच्या बाजूने असताना आम्ही बडोदं का निवडलं? आगगाडीमुळे.

माझे आईवडील बोरिवलीला असतात. दोघंच, सत्तरी ओलांडलेले. मुलांसाठी गाव शोधताना आपण बागा, शाळा, दवाखाने बघतो, पण कुटुंब त्या तीन खोल्यांत संपत नाही. इंदूरहून मुंबईला रोजची भरवशाची गाडी म्हणजे अवंतिका. गाडी उत्तम, पण रात्रभराचा प्रवास, आणि आरक्षण महिना-दीड महिना आधी केलं नाही की वेटिंग. आता 60 दिवसच आधी तिकीट काढता येतं, म्हणून दिवाळीच्या तिकिटासाठी सकाळी आठला फोन हातात धरून बसायचं. हे सगळं ठरवून जायचं असेल तेव्हाचं. न ठरवता जावं लागलं की खरी पंचाईत होते.

एकदा दुपारी आईचा फोन आला, बाबा बाथरूममध्ये पडले. अवंतिकाचं वेटिंग शंभराच्या पुढे. तत्काळ मिळालं असतं तरी दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं. विमानाचं तिकीट नेहमीच्या तिप्पट, तेही मध्यरात्री पोचणारं. शेवटी स्लीपर बस पकडली. सेंधव्याचा घाट, धुळं, नाशिक असं करत सकाळी उशिरा बोरिवलीला पोचलो, तोवर डॉक्टर राउंड घेऊन गेले होते. शेजारच्या काकूंनी एक्स-रे काढून आणला होता. हाड मोडलेलं नव्हतं, सुदैवाने. पण डॉक्टर काय म्हणाले ते मला काकूंकडून कळलं, आणि ते मला फार लागलं.

बडोद्याहून तेच अंतर चार-पाच तासांचं. दिल्लीकडून आणि अहमदाबादकडून मुंबईला जाणाऱ्या बहुतेक गाड्या इथून जातात: वंदे भारत, शताब्दी, कर्णावती, शिवाय लांब पल्ल्याच्या कितीतरी. एकीत जागा नसेल तर दुसरीत मिळते, आणि चार-पाच तास उभ्यानेही काढता येतात. सकाळी निघून दुपारच्या ओपीडीला बाबांबरोबर बसायचं आणि रात्री मुलीला झोपवायला घरी, हे मी आता कितीदा तरी केलंय. आईबाबाही एकटे येतात. रात्रीच्या प्रवासाला ते कधीच तयार नसत. इंदूरची अवंतिकाही शेवटी बडोद्यावरूनच मुंबईला जाते, हे नकाशा बघताना लक्षात आलं आणि आमचा निर्णय तिथेच झाल्यासारखा झाला.

अर्थात तुमची माणसं कुठे आहेत यावर हे सगळं अवलंबून. धुळे-जळगावकडच्यांना रस्त्याने इंदूरच सोयीचं, त्यांनी माझं ऐकू नये. आणि मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली आहे. तो झाला की नाशिककरांचं गणित पार बदलेल. पण मूल आज शाळेत घालायचंय आणि आई आज आजारी आहे, तर होऊ घातलेल्या मार्गाच्या भरवशावर मी घर घेणार नाही.

बडोद्याची एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या, ती म्हणजे विश्वामित्री. शहराच्या मधून जाणारी ही नदी एरवी ओढ्यासारखी वाटते. ऑगस्ट 2024 मध्ये तिची पातळी 35 फुटांच्या वर गेली, सोसायट्यांचे तळमजले बुडाले आणि नदीतल्या मगरी रस्त्यांवर आल्या. 2019 च्या जुलैअखेरीसही शहर असंच पाण्याखाली होतं. म्हणून घर बघायला डिसेंबरच्या सुखद हवेत येऊ नका, पावसाळ्यात या. समा, हरणी, अकोटा, वडसर या भागांत सोसायटीगणिक परिस्थिती वेगळी आहे. एका गल्लीत कमरेएवढं पाणी, तर पुढच्या गल्लीत रस्ता कोरडा. एजंटला विचारू नका, वॉचमनला विचारा, 2024 ला पाणी कुठवर आलं होतं. तो हाताने भिंतीवर खूण दाखवतो. आम्ही अशा दोन सोसायट्या सोडल्या, भाडं कमी असूनही, आणि तिसरीत पहिला मजला घेतला. पार्किंग तळाला असेल तर गाडी कुठे हलवतात हेही त्यालाच विचारून ठेवा.